कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचा प्रवेश आणि कॅप फेऱ्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राज्याच्या सीईटी या प्रवेशपरीक्षेचा निकाल लागला की कनिष्ठ महाविद्यालयातल्या आम्हा शिक्षकांचे फोन रात्री उशिरापर्यंत वाजत राहतात. विचारणारे पालक दरवर्षी नवे असतात, प्रश्न मात्र बहुतेक तेच. त्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. भर महाराष्ट्रातल्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेवर, म्हणजे बोलीत जिला 'कॅप' म्हणतात तिच्यावर आहे. फेऱ्यांचे नियम २०२५-२६ च्या प्रवेशवर्षाचे आहेत. हे नियम वर्षागणिक थोडेफार बदलतात, म्हणून आपल्या वर्षाची माहितीपुस्तिका सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावी आणि ती मुलाने व पालकांनी मिळून वाचावी.

कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश मिळण्याचे मार्ग कोणते?

मुख्य मार्ग तीन आहेत. पहिला जेईई मेन आणि जेईई ॲडव्हान्स्ड यांचा. त्यातून आयआयटी, एनआयटी आणि ट्रिपल आयटी या केंद्रीय संस्थांतल्या जागा जोसा या संयुक्त प्रक्रियेने भरल्या जातात. दुसरा मार्ग एमएचटी-सीईटीचा. पुण्याचे सीओईपी, मुंबईचे व्हीजेटीआय, सांगलीचे वालचंद, शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालये आणि राज्यातली खासगी महाविद्यालये येथल्या बहुतांश जागा या परीक्षेच्या गुणवत्तेवर कॅपमधून मिळतात. तिसरा मार्ग खासगी व अभिमत विद्यापीठांचा असून त्यांच्या परीक्षा, शुल्क आणि तारखा स्वतंत्र असतात. नामसाधर्म्याने येथे दरवर्षी गोंधळ होतो. पुण्याचे व्हीआयटी, म्हणजे विश्वकर्मा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, कॅपमध्ये येते. वेल्लोरचे व्हीआयटी हे वेगळे विद्यापीठ आहे आणि त्याचा कॅपशी संबंध नाही. अर्ज भरताना संस्थेचे पूर्ण नाव, गाव आणि सांकेतांक हे तिन्ही पाहावेत.

सीईटीचा पेपर कसा असतो?

पीसीएम गटासाठी भौतिकशास्त्राचे ५०, रसायनशास्त्राचे ५० आणि गणिताचे ५० असे १५० प्रश्न असतात. पहिल्या दोन विषयांत प्रत्येक प्रश्नाला १ गुण आणि गणितात २ गुण, असे एकूण २०० गुण होतात. वेळ १८० मिनिटांची असते. त्यातली ९० मिनिटे भौतिक व रसायन मिळून आणि उरलेली ९० गणितासाठी राखलेली असतात. चुकलेल्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये. अभ्यासक्रम राज्य मंडळाचा असून सुमारे २० टक्के भर अकरावीवर आणि ८० टक्के बारावीवर असतो. भौतिक आणि रसायनाचे प्रश्न मराठीतूनही घेता येतात. गणित मात्र केवळ इंग्रजीतून असते, आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी ही सवय अकरावीतच लावून घ्यावी.

निम्मे गुण एकट्या गणिताचे आहेत, आणि ते ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात. वर्गातला माझा अनुभव असा की या परीक्षेत हुशार मुले अडखळतात ती वेगाच्या कमतरतेमुळे. प्रश्न येत असतो, परंतु तो सोडवण्यासाठी चार मिनिटे लागतात. घड्याळ लावून सराव केल्याखेरीज हे सुधारत नाही.

९९ पर्सेंटाइल म्हणजे ९९ टक्के गुण का?

नाही. परीक्षा अनेक सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा असतो. म्हणून त्या सत्रात आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी गुण मिळवणारे शेकडा किती होते, ते पर्सेंटाइलने सांगितले जाते. २०० पैकी किती गुण मिळाले, हा आकडा गुणवत्ता यादीत कामाचा नसतो.

कल्पना येण्यासाठी एक हिशेब करून पाहावा. परीक्षेला ३ लाख विद्यार्थी बसले असे धरले, तर ९९ पर्सेंटाइल मिळवणाऱ्याच्या पुढे सुमारे ३,००० जण असतात, आणि ९९.९ मिळवणाऱ्याच्या पुढे सुमारे ३००. कागदावर फरक ०.९ दिसतो, रांगेत तो २,७०० मुलांचा असतो. सीओईपी आणि व्हीजेटीआय येथील कॉम्प्युटर शाखेचा खुल्या प्रवर्गाचा कटऑफ, म्हणजे प्रवेश मिळालेल्या शेवटच्या विद्यार्थ्याचे पर्सेंटाइल, अलीकडच्या वर्षांत ९९.८ च्या वर राहिला आहे. "आमच्या मुलाला ९९ आहेत, सीओईपी कॉम्प्युटर मिळेल ना?" या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे बहुधा नकारार्थी द्यावे लागते आणि पालकांना ते खरे वाटत नाही. त्याच ९९ मध्ये राज्यातली अनेक उत्तम महाविद्यालये मिळतात, हेही तितकेच खरे आहे.

बारावीच्या गुणांना काही किंमत उरली आहे का?

पात्रतेपुरती आहे, आणि ती विसरणाऱ्याला महागात पडते. बारावीत भौतिकशास्त्र व गणित अनिवार्य, आणि त्यांच्या जोडीला रसायनशास्त्र किंवा नियमांत दिलेल्या यादीतला एखादा विषय, असा तीन विषयांचा गट लागतो. त्या गटात खुल्या प्रवर्गाला किमान ४५ टक्के आणि राज्यातल्या मागास प्रवर्गांच्या तसेच दिव्यांग उमेदवारांना किमान ४० टक्के गुण हवेत. एनआयटीसारख्या संस्थांची अट याहून कडक आहे. तेथे बारावीला ७५ टक्के, अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांग उमेदवारांना ६५ टक्के, किंवा आपल्या मंडळाच्या पहिल्या २० पर्सेंटाइलमध्ये स्थान लागते.

सीईटी देणाऱ्याने जेईई मेनही द्यावी का?

द्यावी. जेईई मेन जानेवारी व एप्रिल अशा दोन सत्रांत होते, ती मराठीतूनही देता येते, आणि तिचा उपयोग केवळ केंद्रीय संस्थांपुरता नाही. कॅपमध्येच अखिल भारतीय जागांचा वेगळा हिस्सा असतो. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांत तो १५ टक्क्यांचा असतो आणि त्या जागांसाठी जेईई मेनची गुणवत्ता धरली जाते. महाराष्ट्रातला उमेदवारही तेथे स्पर्धेत उतरू शकतो, म्हणजे एकाच महाविद्यालयाकडे जाणारी दोन दारे उघडी राहतात.

नागपूरच्या व्हीएनआयटीत निम्म्या जागा महाराष्ट्रासाठी राखीव असतात. येथे 'गृहराज्य' ठरते ते बारावी कोणत्या राज्यातून उत्तीर्ण केली त्यावरून. रहिवास कोठला आहे हे त्यासाठी पाहिले जात नाही. बारावीची परीक्षा राजस्थानातल्या शाळेतून देणारा मराठी मुलगा नागपूरच्या त्या निम्म्या जागांना मुकतो आणि राजस्थानच्या कोट्यात मोजला जातो. शिकवणी वर्गांसाठी राजस्थानातल्या कोटा शहरात जाण्याचा निर्णय दहावीनंतर घाईने होतो, त्या वेळी ही गोष्ट क्वचितच कोणी सांगते.

आयआयटीसाठी ॲडव्हान्स्ड द्यावी लागते आणि ती लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच देता येते. पवईच्या आयआयटीत कॉम्प्युटर शाखेची खुली यादी अलीकडे देशातल्या पहिल्या ७० क्रमांकांच्या आतच संपते. तेवढ्यावर सगळे पणाला लावून सीईटीकडे दुर्लक्ष करणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

कटऑफच्या यादीतल्या जीओपीईएनएस, एलओपीईएनएच या अक्षरांचा अर्थ काय?

यादी पाहताना पहिली पायरी ही अक्षरे फोडण्याची आहे. पहिले अक्षर 'जी' असेल तर ती सर्वसाधारण जागा आणि 'एल' असेल तर महिलांसाठी राखीव ३० टक्क्यांपैकी जागा. मधला भाग प्रवर्गाचा असतो : ओपन, ओबीसी, एससी, एसटी, एनटीचे उपप्रवर्ग, एसईबीसी वगैरे. शेवटचे अक्षर 'एच' म्हणजे होम युनिव्हर्सिटी, 'ओ' म्हणजे अन्य विद्यापीठ क्षेत्र आणि 'एस' म्हणजे राज्यस्तरीय जागा. टीएफडब्ल्यूएस (शिक्षण शुल्क माफीच्या जागा), ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), संरक्षण दल, दिव्यांग, अनाथ आणि अल्पसंख्याक यांचे रकाने वेगळे असतात.

दुसरी सूचना अशी की एकच फेरी पाहून अंदाज बांधू नये. पहिल्या फेरीचा कटऑफ चढा असतो आणि पुढच्या फेऱ्यांत मुले आयआयटी-एनआयटीकडे सरकली की तो उतरतो. मागल्या दोन-तीन वर्षांच्या सर्व फेऱ्या समोर ठेवाव्यात. शिवाय पर्सेंटाइलपेक्षा त्याशेजारी छापलेला गुणवत्ता क्रमांक अधिक भरवशाचा असतो, कारण परीक्षेला बसणाऱ्यांची संख्या बदलली की त्याच पर्सेंटाइलचा क्रमांकही बदलतो.

होम युनिव्हर्सिटी म्हणजे नक्की काय?

अनेक महाविद्यालयांत राज्याच्या जागांपैकी ७० टक्के त्या विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या मुलांना आणि ३० टक्के इतर क्षेत्रांतल्या मुलांना दिल्या जातात. दहावी-बारावी महाराष्ट्रातूनच केलेल्या 'ए' प्रकारच्या उमेदवाराचे क्षेत्र बारावीच्या महाविद्यालयावरून ठरते. मूळचा नाशिकचा मुलगा अकरावी-बारावीला लातूरला गेला असेल, तर त्याचे क्षेत्र नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे होते. नाशिक-पुण्याच्या महाविद्यालयांत मग तो 'अन्य क्षेत्रा'च्या कमी जागांत मोजला जातो. लातूरच्या वर्गांत बाहेरगावची मुले किती असतात हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या नियमाचे वजन कळेल. सीओईपी, व्हीजेटीआय यांसारख्या संस्थांत राज्यस्तरीय जागा असल्यामुळे हा प्रश्न तेथे येत नाही.

कोणती कागदपत्रे लागतात, आणि त्यांची तयारी केव्हा करावी?

बारावीचे वर्ष सुरू होताच करावी. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला सर्वांनाच लागतात. राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र, ज्याला सगळे डोमिसाइल म्हणतात, तेही काढून ठेवावे. मागास प्रवर्गासाठी जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे व्हॅलिडिटी, आवश्यक असते. अनुसूचित जाती व जमाती सोडून इतर मागास प्रवर्गांना नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्रही द्यावे लागते आणि ते प्रवेशवर्षाअखेरच्या ३१ मार्चपर्यंत ग्राह्य असावे लागते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकासाठी ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र राज्याने ठरवून दिलेल्या नमुन्यातलेच हवे. केंद्राच्या नमुन्यातले प्रमाणपत्र आणून परत गेलेले पालक मी पाहिले आहेत.

यात सर्वांत वेळखाऊ कागद व्हॅलिडिटीचा. महाविद्यालयाच्या पत्रासह अर्ज जिल्हा जात पडताळणी समितीकडे जातो, आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या किंवा महसुली नोंदी मागितल्या जातात, आणि एखादी नोंद मोडी लिपीत निघाली की तिचे लिप्यंतर करून घ्यावे लागते. ही कामे जून महिन्यात पंधरा दिवसांत होत नाहीत. प्रमाणपत्र हाती नसल्यास अर्जाच्या पोचपावतीवर तात्पुरती सवलत मिळू शकते, पण ठरलेल्या तारखेपर्यंत मूळ कागद आला नाही तर उमेदवार खुल्या प्रवर्गात धरला जातो. मागे आमच्या वर्गातल्या एका मुलीचे पर्सेंटाइल उत्तम होते, व्हॅलिडिटीही होती. फक्त नॉन-क्रिमीलेयरची मुदत उलटून गेली होती. तहसील कार्यालयात नवे मिळेपर्यंत छाननीची तारीख निघून गेली आणि तिला प्रवर्गाचा लाभ मिळाला नाही. घरात फाइल होती, फाइलमध्ये कागद होता, आणि त्यावरची तारीख कोणी वाचली नव्हती.

नावांतले फरकही आत्ताच तपासावेत. दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचे नाव एक आणि जातीच्या दाखल्यावर दुसरे, अशा वेळी छाननी केंद्र त्रुटी काढते. अर्जाची छाननी घरबसल्या ऑनलाइन किंवा केंद्रावर जाऊन, अशा दोन्ही प्रकारे करता येते. ज्यांच्या कागदांत काही गुंतागुंत आहे त्यांनी केंद्रावर जाणेच बरे. तात्पुरती गुणवत्ता यादी लागल्यावर आपले नाव, प्रवर्ग, लिंग आणि विद्यापीठ क्षेत्र बारकाईने पाहावे, कारण तक्रार नोंदवण्याची मुदत थोडी असते आणि अंतिम यादीनंतर हातात काही राहत नाही.

ऑप्शन फॉर्म कसा भरावा?

या सगळ्या प्रक्रियेत विद्यार्थ्याच्या हातात खऱ्या अर्थाने एवढीच एक गोष्ट असते. पर्सेंटाइल निकालाच्या दिवशी गोठलेले असते, प्रवर्ग जन्माने ठरलेला असतो. पसंतीक्रम मात्र त्याने स्वतः लिहायचा असतो. आणि मोठ्या चुका होतात त्या येथेच.

आधी संगणक काय करतो ते समजून घ्यावे. तो गुणवत्ता यादीतल्या पहिल्या उमेदवारापासून सुरुवात करतो, प्रत्येकाचा अर्ज वरून खाली वाचतो आणि त्याला मिळू शकणाऱ्या जागांपैकी यादीत सर्वांत वर असलेली जागा देतो. आपल्या पाळीला आपला पहिला पर्याय भरलेला असेल तर दुसरा पाहिला जातो, दुसरा भरलेला असेल तर तिसरा. यातून दोन गोष्टी निघतात. आवाक्याबाहेरचे महाविद्यालय वर लिहिल्याने खालच्या पर्यायांचे काहीही नुकसान होत नाही. आणि एखादा पर्याय पहिल्या क्रमांकावर लिहिल्याने तेथे आपला हक्क वाढत नाही. "पहिल्या नंबरला टाकलं तर चान्स जास्त" ही समजूत निराधार आहे, मग ती क्लासमधल्या सरांनी सांगितलेली असो की शेजारच्या दादाने.

म्हणून क्रम एकाच कसोटीवर लावावा : दोन्ही जागा समोर ठेवल्या तर यातली कोणती घेऊ? उत्तर येईल ती वर. कटऑफ पाहून उतरत्या क्रमाने यादी उतरवणे हा सर्वांत प्रचलित मार्ग आहे आणि मला तो चुकीचा वाटतो, कारण कटऑफ इतर मुलांची आवड सांगतो. घरापासूनचे अंतर, वसतिगृह, शुल्क आणि शाखा या गोष्टी ज्याच्या त्याने तोलायच्या असतात. कटऑफचा उपयोग यादी किती खालपर्यंत न्यावी हे ठरवण्यासाठी करावा. वरचे काही पर्याय स्वप्नातले, मधले मागल्या वर्षीच्या क्रमांकाच्या आसपासचे, आणि खालचे निश्चित मिळतील असे, इतकी खोली यादीला असावी. दहा-बारा पर्याय लिहून थांबलेली मुले पहिल्या फेरीत रिकाम्या हाताने परततात.

एक पथ्य मात्र कसोशीने पाळावे. जेथे मिळाले तरी जाणार नाही, असे महाविद्यालय यादीत लिहूच नये. "जागा भरायला" म्हणून लिहिलेला पर्यायच नेमका पदरात पडतो.

ऑटो-फ्रीज आणि बेटरमेंट म्हणजे काय?

२०२५-२६ मध्ये कॅपच्या चार फेऱ्या ठेवण्यात आल्या. पहिल्या फेरीत यादीतला पहिला पर्याय मिळाला, दुसरीत पहिल्या तीनपैकी कोणताही मिळाला, किंवा तिसरीत पहिल्या सहापैकी कोणताही मिळाला, तर ती जागा आपोआप गोठते आणि पुढच्या फेऱ्यांत त्या उमेदवाराला भाग घेता येत नाही. चौथ्या फेरीत मिळेल ती जागा अंतिम असते. याहून खालचा पर्याय मिळाल्यास विद्यार्थी ती जागा स्वतःहून गोठवू शकतो, किंवा १,००० रुपये स्वीकृती शुल्क भरून ती हाती ठेवून वरच्या पर्यायाची वाट पाहू शकतो. त्यालाच सारे बेटरमेंट म्हणतात. पुढच्या फेरीत वरचे काही मिळाले तर आधीची जागा आपोआप सुटते, आणि नाही मिळाले तर आधीची कायम राहते.

या नियमामुळे यादीचे डोके फार जपून लिहावे लागते. सीओईपी कॉम्प्युटर हवे असताना "ते मिळणार नाहीच" असे म्हणून एखाद्याने दुसऱ्या महाविद्यालयातले आयटी पहिल्या क्रमांकावर टाकले आणि पहिल्याच फेरीत ते मिळाले, तर दार बंद झाले. पुढच्या फेरीत सीओईपीचा कटऑफ त्याच्या क्रमांकापर्यंत उतरला तरी त्याला ते पाहण्यापलीकडे काही करता येत नाही.

कॉलेज निवडावे की ब्रँच?

सरसकट उत्तर देता येत नाही, पण माझे मत लपवणार नाही. कॉम्प्युटर, आयटी आणि एआय-डेटा सायन्स यांच्यातच निवड असेल तर महाविद्यालयाकडे पाहावे, कारण डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, नेटवर्क्स हा गाभा तिन्हीकडे बराच समान असतो. पुण्याच्या पीआयसीटीतले आयटी सोडून दूरच्या नवख्या महाविद्यालयातले 'कॉम्प्युटर' केवळ नावासाठी घेणे मला पटत नाही. निवड कॉम्प्युटर आणि सिव्हिल यांच्यात असेल तर प्रश्न निराळा आहे. ज्याला प्रोग्रॅमिंगची खरी ओढ आहे त्याने नामांकित संस्थेच्या मोहाने चार वर्षे दुसऱ्याच विषयात घालवू नयेत. मात्र ती ओढ खरी आहे की पगाराच्या आकड्यांमुळे वाटते आहे, हे सुट्टीत दोन महिने एखादी भाषा शिकून पाहिली की बरेच उमगते.

कॉम्प्युटरच्या जागा एवढ्या कशा वाढल्या? नव्या शाखा घ्याव्यात का?

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२४-२५ पासून चांगल्या संस्थांसाठी एका शाखेतल्या प्रवेशक्षमतेची कमाल मर्यादा काढून टाकली. त्यानंतर अनेक महाविद्यालयांनी कॉम्प्युटर व तत्सम शाखांच्या तुकड्या वाढवल्या. तुकड्या वाढल्या की प्राध्यापक आणि प्रयोगशाळा त्याच वेगाने वाढतातच असे नाही. म्हणून प्रत्यक्ष जाऊन पाहावे, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोलावे, आणि महाविद्यालयाला नॅकचे मूल्यांकन आहे एवढ्यावर न थांबता त्या विशिष्ट शाखेला एनबीएची मान्यता आहे का, हे विचारावे. प्लेसमेंटचे फलक वाचताना सर्वोच्च पॅकेज सोडून द्यावे आणि मधल्या विद्यार्थ्याला किती मिळाले ते विचारावे. बहुतेक ठिकाणी या प्रश्नावर क्षणभर शांतता पसरते.

शुल्क कितपत असते आणि सवलती कोणत्या?

खासगी महाविद्यालयांचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि ते संस्थेगणिक वेगळे असते. कॅपमधून प्रवेश घेतलेल्या, ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या खुल्या प्रवर्गाच्या मुलांना राजर्षी छत्रपती शाहू महाराज योजनेतून शिक्षण शुल्काच्या निम्म्या रकमेची मदत मिळते. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि इतर मागास प्रवर्गातल्या, त्याच उत्पन्नमर्यादेतल्या मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर दरवर्षी करावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला हे लाभ नाहीत.

टीएफडब्ल्यूएस ही वेगळी योजना आहे. प्रत्येक शाखेत ५ टक्के अधिसंख्य, म्हणजे मंजूर क्षमतेवरच्या जादा जागा, उत्पन्नमर्यादा ८ लाख, आणि माफी केवळ शिक्षण शुल्काची. तिचा कटऑफ खुल्या जागेपेक्षाही बहुधा वर असतो आणि पुढे शाखा किंवा महाविद्यालय बदलता येत नाही. ऑप्शन फॉर्ममध्ये या जागेचा सांकेतांक स्वतंत्र असतो, म्हणून ती मुद्दाम लिहावी लागते.

व्यवस्थापन कोट्यासाठी डोनेशन मागितले तर?

विनाअनुदानित महाविद्यालयांत संस्थास्तरावर जास्तीत जास्त २० टक्के जागा भरता येतात, पण त्याही जाहिरात देऊन, अर्ज मागवून आणि गुणवत्तेनेच भरायच्या असतात. मान्य शुल्काखेरीज रक्कम घेणे १९८७ च्या राज्य कायद्याने गुन्हा आहे. "सीट फिक्स करून देतो" म्हणणाऱ्या मध्यस्थाला आगाऊ पैसे दिलेल्यांना पावती मिळत नाही, आणि पुढे तक्रार करायलाही हाती काही उरत नाही.

आम्ही बेळगाव भागात राहतो. आम्हाला महाराष्ट्राच्या जागा मिळतील का?

होय. सीमावादग्रस्त भागातल्या मान्यताप्राप्त संस्थेतून दहावी-बारावी केलेल्या आणि मातृभाषा मराठी असलेल्या विद्यार्थ्यांसाठी उमेदवारीचा स्वतंत्र 'ई' प्रकार आहे. त्यासाठी ठरलेल्या नमुन्यात दाखले द्यावे लागतात. केंद्र सरकारच्या नोकरीमुळे राज्यात बदली होऊन आलेल्या पालकांच्या मुलांसाठी 'सी', आणि राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी 'डी' प्रकार आहे. शिक्षण बाहेर झाले पण स्वतःचा किंवा आई-वडिलांचा अधिवास महाराष्ट्राचा आहे, अशांचा 'बी' प्रकार. कोटाला किंवा हैदराबादला बारावी केलेल्या मुलांना याच प्रकारातून अर्ज करावा लागतो, आणि तेथे डोमिसाइलवाचून काम होत नाही. आखाती देशांत काम करणाऱ्या भारतीयांच्या मुलांसाठी अधिसंख्य जागांची तरतूद आहे.

कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मराठीतून शिकता येते का?

येते. पिंपरी-चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगने २०२१-२२ मध्ये मराठी माध्यमाची कॉम्प्युटरची तुकडी सुरू केली आणि तिच्या जागा कॅपमध्ये वेगळ्या दिसतात. परिभाषा अर्थातच इंग्रजीच राहते, समजावून सांगणे मराठीत होते. गावाकडून आलेल्या आणि इंग्रजी व्याख्यानाने पहिल्या वर्षी बिचकणाऱ्या मुलांनी या पर्यायाकडे कमीपणाने पाहू नये.

दहावीनंतर डिप्लोमा केला तर?

पदविकेनंतर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. त्यासाठी सीईटी लागत नाही, पदविकेच्या गुणांवर स्वतंत्र कॅप होते. नामांकित महाविद्यालयांत कॉम्प्युटरच्या अशा जागा मोजक्या असल्यामुळे पदविकेचे गुण फार वरचे लागतात.

मनासारखे कॉलेज न मिळाल्यास वर्ष गाळून पुन्हा सीईटी द्यावी का?

ज्याचे गुण आजारपणामुळे किंवा उशिरा सुरू केलेल्या अभ्यासामुळे घटले, त्याने अवश्य विचार करावा. ज्याने दोन वर्षे मन लावून अभ्यास केला आणि ९७ आले, त्याला आणखी एका वर्षात ९९.८ मिळतीलच असे मी सांगणार नाही. मधला मार्गही आहे : मिळाले तेथे प्रवेश घ्यावा आणि पहिल्या वर्षी चांगली गुणवत्ता दाखवून, महाविद्यालयाच्या नियमांत बसत असल्यास, रिक्त जागेवर शाखाबदल मागावा. तो मिळेलच असे धरून मात्र चालू नये.

कॅपमध्ये प्रवेश घेतल्यावर एनआयटी मिळाली, तर भरलेले पैसे बुडतात का?

नाही. प्रवेश रद्द करण्याची अंतिम तारीख वेळापत्रकात जाहीर होते. तिच्या आत ऑनलाइन अर्ज करून महाविद्यालयाकडून रद्द करून घेतल्यास १,००० रुपये वजा होऊन उरलेली रक्कम परत मिळते. केवळ महाविद्यालयात तोंडी सांगून किंवा ईमेल पाठवून प्रवेश रद्द होत नाही. संकेतस्थळावर स्वतःच्या लॉगिनमधून अर्ज करावा, त्याची छापील प्रत महाविद्यालयात द्यावी, पोच घ्यावी आणि मूळ दाखले त्याच दिवशी मोजून ताब्यात घ्यावेत.